चेरी श्रिंपची पिल्लं जगवताना: अंड्यापासून इंचभर होईपर्यंत

चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातली इवलीशी रंगीत कोळंबी, पाळणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते. मादी अंड्यांवर येते, तीन-चार आठवडे पोटाखाली अंडी घेऊन फिरते, एके दिवशी पोट रिकामं दिसतं. काचेवर मोहरीच्या दाण्याएवढी दोन-चार पिल्लंही दिसतात. पंधरा दिवसांनी शोधावं तर एकही सापडत नाही. मग पाणी बदललं जातं, फिल्टर खळखळून धुतला जातो, महागडं खाद्य आणलं जातं, आणि पुढच्या खेपेलाही तेच होतं.

यातली बहुतेक पिल्लं आजाराने मरत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. काही उपाशी मरतात, काही फिल्टरमध्ये ओढली जातात आणि काही पाण्यात अचानक झालेल्या बदलाने जातात. तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. पिल्लांचं काय होणार हे ती जन्मण्याच्या दोन महिने आधीच ठरलेलं असतं. टाकी कशी लावली आणि ती किती मुरू दिली, यावर ते अवलंबून असतं. म्हणून सुरुवात टाकीपासून करू.

कोणती श्रिंप घ्यायची

चेरी श्रिंपचं शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. ती मूळची पूर्व चीन आणि तैवानच्या ओढ्या-तळ्यांतली. तिथली रानटी श्रिंप मळकट तपकिरी असते. आज दुकानात दिसणारी लाल, पिवळी, निळी, केशरी ही सगळी त्याच एका जातीतून निवड करत करत तयार झालेली रूपं आहेत. पूर्ण वाढलेली मादी अडीच ते तीन सेंटिमीटरची, नर तिच्याहून लहान आणि फिकट. आयुष्य साधारण दीड वर्षाचं.

पिल्लं वाढवायची असतील तर घरच्या टाकीला हीच जात सोयीची, कारण अंड्यातून थेट आईबापांसारखं दिसणारं पिल्लू बाहेर येतं. सगळ्याच श्रिंपचं असं नसतं. शेवाळ खाण्यासाठी प्रसिद्ध असलेली अमानो श्रिंप गोड्या पाण्यात अंडी धरते, पण तिच्या अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी, जिला व्यापारात स्कॅम्पी म्हणतात, तिच्या अळ्याही मचूळ पाण्यातच वाढतात. चेरीला यातलं काही लागत नाही.

दुकानात ‘घोस्ट श्रिंप’ म्हणून पारदर्शक श्रिंप स्वस्तात मिळतात. पुढचे दोन पाय लांब असून त्यांच्या टोकाला नांग्या दिसत असतील, तर त्या चेरीच्या टाकीत घालू नका. त्या शिकारी असतात आणि पिल्लं त्यांच्या तोंडी सहज लागतात.

सुरुवातीला दहा ते पंधरा श्रिंप पुरतात. एवढ्यांत नर-माद्या दोन्ही येतातच. आकाराने मध्यम, तरुण श्रिंप घ्या. दुकानातल्या सगळ्यांत मोठ्या माद्यांचं निम्मं आयुष्य आधीच सरलेलं असतं. एका टाकीत एकच रंग ठेवा. लाल आणि निळ्या एकत्र ठेवल्या की त्यांचा संकर होतो आणि दोन-तीन पिढ्यांत टाकी रानटी तपकिरी रंगाकडे वळते.

टाकी लावणं

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी सर्वांत सोयीची. काठोकाठ भरली तर त्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. टेबलावर ठेवायच्या आठ-दहा लिटरच्या टाक्या दिसायला छान असतात, पण त्यातलं पाणी दुपारी तापतं, रात्री गार होतं आणि चिमूटभर जास्त खाद्यानेही नासतं. पिल्लांना असे चढउतार सोसत नाहीत. जागेची अडचण असेल तर दीड फुटाची घ्या, त्याहून लहान नको.

फिल्टर स्पंजचाच हवा. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पिल्लांना ओढून घेत नाही, शिवाय त्याच्या पृष्ठभागावर साचणारा बारीक गाळ हेच पिल्लांचं आवडतं चरण्याचं ठिकाण असतं. टाकीला बाहेरून टांगायचा फिल्टर आधीच घेतला असेल, तर त्याच्या पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज घट्ट बसवा. नुसती जाळी पुरत नाही. दोन मिलिमीटरचं पिल्लू तिच्यातून आरपार जातं.

तळाला दोन-तीन सेंटिमीटर बारीक काळी वाळू घाला. गडद तळावर श्रिंपचा रंग खुलतो, पांढऱ्या वाळूवर त्या फिक्या पडतात. पाण्याचा पीएच खाली आणणारी महागडी माती कॅरिडिना गटातल्या नाजूक श्रिंपसाठी असते, चेरीला तिची गरज नाही.

झाडांमध्ये पहिलं जावा मॉस. पैसे वाचवायचेच असतील तर दिव्यात वाचवा, मॉस भरपूर घ्या. त्याच्या बारीक फांद्यांच्या जाळ्यात पिल्लं लपतात आणि फांद्यांवर साचलेलं खातही राहतात. टाकीच्या तळाचा किमान तिसरा हिस्सा मॉसने भरलेला असावा. जोडीला हॉर्नवर्ट किंवा गप्पी ग्रास चालतं. ओढ्यातून किंवा विहिरीतून आणलेली हायड्रिला मात्र टाळा. तिच्यासोबत चतुराच्या आणि टाचणीच्या (चतुरासारखाच पण बारीक किडा) अळ्या येतात, शेतातून वाहून आलेलं कीटकनाशकही येतं.

आता पानांविषयी. शाळांच्या आवारात आणि रस्त्याकडेला दिसणारा देशी बदाम तुमच्या ओळखीचा असेल. जगभरचे श्रिंप पाळणारे ज्या पानांना पैसे मोजतात ती याच झाडाची. आपल्याकडे ती हिवाळ्यात लालबुंद होऊन फुकट गळतात. झाडावरची हिरवी तोडू नका. स्वतःहून गळलेली, पूर्ण वाळून तपकिरी झालेली पानंच घ्या. वाहत्या रस्त्यावरची किंवा औषध फवारलेल्या बागेतली नकोत. धुऊन घ्या, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा आणि ५० लिटरला एक-दोन या हिशेबाने टाका. दोन दिवसांत पान बुडतं, आठवड्याभरात त्यावर बुळबुळीत थर चढतो, महिन्याभरात नुसत्या शिरांची जाळी उरते. पेरूची आणि तुतीची वाळलेली पानंही अशीच वापरता येतात.

टाकी मुरू द्या

या टप्प्यावर घाई करणाऱ्यांचं सर्वाधिक नुकसान होतं. नव्या टाकीत सडणाऱ्या पदार्थांतून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइटमध्ये आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही श्रिंपला मारक. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहा, म्हणजे जिवाणूंना काम मिळतं. थेंबांची टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आत, असं सलग दोन आठवडे दिसलं की पाणी तयार.

पण पाणी तयार झालं म्हणजे टाकी पिल्लांसाठी तयार झाली असं नाही. पिल्लांचं खरं अन्न म्हणजे लाकडावर, पानांवर, काचेवर चढणारा जिवाणू, शैवाल आणि सूक्ष्मजीवांचा पातळ थर. त्याला बायोफिल्म म्हणतात. हात लावला तर बुळबुळीत लागतो. हा थर नीट जमायला आणखी चार आठवडे द्या. मोठ्या श्रिंप या काळात सोडल्या तरी चालतील, कारण त्या हिंडून-फिरून खाद्य शोधतात. पिल्लू पहिले काही दिवस जिथे पडेल तिथेच चरतं. त्याच्या पायाखाली अन्न नसेल तर वीतभर अंतरावर ठेवलेली गोळी त्याच्या उपयोगाची नाही.

म्हणून समोरची काच हवी तर पुसा, पण मागची आणि बाजूच्या काचा हिरव्या होऊ द्या. लाकडावर सुरुवातीला येणारा पांढरा चिकट थर घासून काढू नका, श्रिंप तो आवडीने खातात. लख्ख टाकी बघायला चांगली, पण पिल्लांसाठी ती रिकाम्या ताटासारखी असते.

पाण्याचा हिशेब

चेरीसाठी पीएच ६.५ ते ७.८, जीएच ६ ते १०, केएच २ ते ६ आणि टीडीएस १५० ते २५० एवढ्यात पाणी असावं. जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. श्रिंप कात टाकून नवं कवच बनवते ते यांच्यावरच. केएच म्हणजे पाण्यातले कार्बोनेट क्षार, त्यांच्यामुळे पीएच एकाएकी घसरत नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज. आकडा अगदी मधोमध आणण्याच्या मागे लागू नका. कायम जीएच ६ असलेलं पाणी चालेल, पण या आठवड्यात ६ आणि पुढच्या आठवड्यात ११ हे चालणार नाही.

मुंबईत भातसा, तानसा, वैतरणा या धरणांचं येणारं पाणी मऊ असतं, त्यात खनिजं कमी पडतात. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या बोअरचं पाणी याच्या उलट, बऱ्याचदा फार जड. मऊ पाण्यात श्रिंपसाठी मिळणारं जीएच वाढवणारं मीठ मिसळा. जड पाण्यात घरच्या आरओचं पाणी मिसळून टीडीएस खाली आणा. टाकी भरताना किंवा पाणी बदलताना नुसतं आरओचं पाणी कधीच वापरू नका, त्यात कवचाला लागणारं काहीच उरलेलं नसतं. टीडीएस मीटर स्वस्त असतो आणि रोजच्या वापरात सर्वांत जास्त तोच कामी येतो, तेव्हा तो घ्याच.

काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. त्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा टाकीत ठेवला तर हळूहळू कॅल्शियम मिळत राहतं. मॅग्नेशियम मात्र त्यातून फारसं मिळत नाही, म्हणून मऊ पाण्यात फक्त त्याच्यावर विसंबू नका.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला अँटिक्लोरीनचे थेंब वापरा. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनचा वास नाकाला जाणवतो. अशा दिवसांत पाणी न बदललेलं बरं.

आणि तांब्याबद्दल. आपल्याकडे पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात, कळशीत भरून ठेवायची पद्धत घरोघरी आहे. माणसाला ते मानवतं, श्रिंपला नाही. पाण्यात तांब्याचं अगदी सूक्ष्म प्रमाणही श्रिंपला घातक ठरतं, आणि पिल्लं मोठ्यांच्या आधी जातात. टाकीसाठीचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत साठवा. गिझरचं गरम पाणी मिसळू नका, काही गिझरमध्ये पाणी तांब्याच्या नळीतून फिरतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, ती या टाकीच्या आसपासही नकोत.

मादी अंड्यांवर येते तेव्हा

आधी मादीच्या डोक्यामागे, पाठीवर पिवळसर किंवा हिरवट डाग दिसतो. ती आत वाढणारी अंडी. मग ती कात टाकते, आणि त्याच संध्याकाळी टाकीतले सगळे नर वेड्यासारखे पोहत सुटतात. नुकती कात टाकलेल्या मादीच्या वासावर ते तिला शोधत असतात. नवख्यांना वाटतं की पाण्यात विष गेलं आणि ते घाईने पाणी बदलतात. मोठ्या श्रिंप आडव्या पडत नसतील, शेपट्या झटकत वर उड्या मारत नसतील, तर काही करू नका.

मीलनानंतर अंडी पोटाखालच्या पोहण्याच्या पायांना चिकटतात. साधारण वीस ते तीस, मोठ्या मादीला त्याहून जास्त. मादी ते पाय सतत हलवून अंड्यांना ताजं पाणी देत राहते आणि मधूनमधून एखादं अंडं पायाने फिरवून साफ करते. २७-२८ अंशांत तीन आठवड्यांच्या आसपास, २२-२३ अंशांत महिना किंवा थोडं जास्त, असा काळ लागतो.

या काळात तिला जाळीने पकडून वेगळ्या डब्यात ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा. पकडापकडीच्या धसक्याने मादी अंडी टाकून देते, आणि वेगळ्या डब्यात पिल्लांना खायला बायोफिल्मही नसते. टाकीत मासे नसतील तर तिला हलवायचं काही कारणच नाही. मोठ्या श्रिंप निरोगी पिल्लांना खात नाहीत.

पहिलटकरीण मादी अंडी सांभाळू शकली नाही तर ते नेहमीचं आहे. पुढच्या खेपेला बहुतेक वेळा सगळं नीट होतं.

दर तीन-चार दिवसांनी काचेजवळ आलेली मादी टॉर्च आणि भिंगातून बघा. सुरुवातीला अंडी एकसारखी पिवळट-हिरवी असतात. नंतर ती राखाडी, थोडी पारदर्शक होतात आणि प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते पिल्लाचे डोळे. ठिपके दिसले की बाकीची कामं उरकून घ्या: स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळून घ्या, बदामाचं आणखी एक वाळलेलं पान घाला, पाणी १० टक्के बदला. अंडी फुटल्यावर दोन आठवडे टाकीत हात घालावा लागू नये अशी तयारी आता करायची.

पहिले पंधरा दिवस

अंड्यातून निघालेलं पिल्लू दीड-दोन मिलिमीटरचं आणि जवळजवळ पारदर्शक असतं. नुसत्या डोळ्यांनी शोधू गेलात तर सापडणार नाही. रात्री दिवा बंद केल्यावर तासाभराने टॉर्चचा झोत तिरका मारा. मॉसच्या टोकांवर आणि काचेच्या खालच्या कडेला काळ्या डोळ्यांच्या जोड्या दिसतील. नीट बघितलं तर पुढचे बारीक पाय एकामागून एक तोंडाकडे जाताना दिसतात. पिल्लाचं ते खाणं दिवसभर चालू असतं.

आता भिंगातून पाठीकडे बघा. पिल्लू पारदर्शक असल्यामुळे त्याची पचननलिका आरपार दिसते. डोक्यापासून शेपटीपर्यंत काळपट-तपकिरी रेघ भरलेली असेल तर पिल्लू पोटभर खातंय. रेघ तुटक किंवा दिसतच नसेल, आणि हे पाच-सहा पिल्लांमध्ये दिसलं, तर टाकीत अन्न कमी आहे. याहून खात्रीची खूण मला माहीत नाही. खाद्याचं प्रमाण डब्यावरच्या सूचनेवरून न ठरवता या रेघेवरून ठरवा.

मुरलेल्या टाकीतही पहिले दोन आठवडे एक दिवसाआड भुकटीचं खाद्य द्यावं. गोळी एका जागी पडते आणि मोठ्या श्रिंप तिच्यावर तुटून पडतात. भुकटी सगळीकडे पसरते. पिल्लांसाठी तयार मिळणारी भुकटी चालते, घरीही करता येते. शेवग्याचा किंवा तुतीचा सावलीत वाळवलेला पाला मिक्सरमध्ये वाटून वस्त्रगाळ करा, त्यात तेवढीच स्पिरुलिना पावडर मिसळा आणि कोरड्या बाटलीत ठेवा. देताना टूथपिकचं टोक ओलं करून भुकटीत बुडवा, जेवढी चिकटेल तेवढी अर्ध्या वाटीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात ढवळा आणि मॉसवर ओता. दोन फुटाच्या टाकीला एवढं पुरतं. पाणी तासाभरात नितळ झालं नाही तर पुढच्या वेळी निम्मं द्या.

जास्त खाद्याचा धोका कमी खाद्यापेक्षा मोठा आहे. उरलेली भुकटी तळाशी सडते, रात्री प्राणवायू कमी होतो, आणि काचेवर पांढरे किडे वाढतात. उकडलेल्या अंड्याचा बलक माशांच्या पिल्लांना देतात, तो इथे नको. पाणी हमखास बिघडतं.

मोठ्यांसाठी आठवड्यातून एकदा दोन मिनिटं उकडलेली पालकाची पानं किंवा काकडीची चकती ठेवा आणि तीन-चार तासांनी काढा. बाजारच्या भाजीवर फवारणी असते, म्हणून कुंडीतला पालक उत्तम.

या काळात पिल्लं दर काही दिवसांनी कात टाकतात. पाण्यात तरंगणारी पारदर्शक टरफलं मेलेल्या पिल्लांसारखी दिसतात, पण ती काढू नका. श्रिंप ती खाऊन त्यातली खनिजं परत मिळवतात. कात टाकताना अडकून मरणाऱ्या श्रिंपच्या मानेजवळ गोल पांढरी चीर दिसते. तशा दोन-तीन आढळल्या तर आधी जीएच मोजा, मग मागच्या आठवड्यात एकदम किती पाणी बदललं ते आठवा. कारण बहुधा या दोनपैकी एक असतं.

पाणी बदलताना

दोन आठवडे झाले की आठवड्याला १० टक्के पाणी बदला. सायफनच्या तोंडावर मलमलीचा तुकडा रबरबँडने बांधा. पाणी थेट मोरीत न सोडता पांढऱ्या बादलीत घ्या आणि टॉर्चने तपासून मगच ओता. मलमल लावूनही एखादं पिल्लू निघतंच.

नवं पाणी एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने सोडा. त्याचं तापमान आणि टीडीएस टाकीच्या पाण्याच्या जवळ असावा. मगाने ओतलेलं गार पाणी मोठ्या श्रिंपलाही वेळेआधी कात टाकायला लावतं, पिल्लांना तर ते सोसतच नाही.

उडून गेलेल्या पाण्याची भर घालताना आरओचं पाणी वापरा, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. नळाचं पाणी घालत राहिलात तर दोन महिन्यांत टीडीएस दीडपट झालेला दिसेल.

उन्हाळा

चेरीला २२ ते २६ अंश मानवतं. २८ पर्यंत ती तग धरते. त्याहून जास्त तापमान टिकलं की पाण्यात प्राणवायू कमी मावतो, माद्या अंडी टाकतात आणि पिल्लं कमी उरतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हीच खरी कसोटी असते.

टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, फरशीच्या जवळ ठेवा. झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा येईल असा छोटा पंखा बसवा. बाष्पीभवनाने दोन ते चार अंशांचा फरक पडतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो निम्माच लागू पडतो, तिथे जास्तीचा एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) घाला आणि दिव्याचे तास कमी करा. बर्फाची बाटली ठेवायचीच तर अर्ध्या लिटरची, आणि तापमान एका वेळी दोन अंशांहून जास्त उतरणार नाही इतकाच वेळ. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावाच.

हवेतून येणारं विष

टाकी छान चालू असते आणि एका सकाळी तळाला सगळ्या श्रिंप आडव्या दिसतात. पाण्याच्या तपासणीत काही सापडत नाही. अशा वेळी घरात आदल्या रात्री काय पेटवलं, काय फवारलं ते विचारा.

डासांच्या कॉइलमध्ये, प्लगला लावायच्या लिक्विडमध्ये, झुरळांच्या स्प्रेमध्ये आणि मुंग्यांच्या खडूत पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. ती किड्यांसाठी बनवलेली, आणि श्रिंप त्यांच्या नात्यातलीच. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. टाकीच्या खोलीत ही साधनं वापरूच नका. मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी हाच सुरक्षित उपाय. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल किंवा पावसाळ्यात नगरपालिकेची धुराची गाडी यायची असेल, तर खिडक्या बंद करा, टाकी प्लास्टिकच्या कागदाने झाका आणि पंप तासभर बंद ठेवा. धूर निवळला की आधी खोली मोकळी करा, मग पंप चालू करा. कुत्र्याला गोचिडाचं औषध लावलेला हात साबणाने धुतल्यावरही त्या दिवशी टाकीत घालू नका.

टाकीतले शत्रू

माशांचा प्रश्न सोपा आहे: पिल्लं वाढवायची तर मासे नकोत. गप्पी, मॉली, बेट्टा सगळे पिल्लं खातात. गोगलगायी मात्र चालतात, त्यांची मदतच होते.

काचेवर बाणाच्या टोकासारखं त्रिकोणी डोकं असलेला, सरपटत जाणारा चपटा किडा दिसला तर तो प्लॅनेरिया. तो पिल्लांना आणि कात टाकून मऊ झालेल्या श्रिंपला धरतो. त्याच्यावर चालणारी काही औषधं सुपारीच्या अर्कापासून बनतात. पण म्हणून घरातली सुपारी कुटून टाकीत टाकू नका, मात्रा कळत नाही. आधी खाद्य निम्मं करा, रात्री मासळीचा तुकडा घातलेला काचेचा सापळा ठेवा आणि सकाळी किड्यांसकट काढा. पांढरे, गोल, दोऱ्यासारखे वळवळणारे किडे निरुपद्रवी असतात, फक्त खाद्य जास्त होतंय एवढं ते सांगतात.

हायड्रा हा काचेला चिकटलेला, टोकाला बारीक तंतू पसरलेला जीव असतो. लहान पिल्लू त्याच्या तंतूंना लागलं तर सुटत नाही. दोन-चार असतील तर सिरिंजने ओढून काढा, हायड्रा तोडू नका, तुटलेल्या तुकड्यातून नवा हायड्रा वाढतो. चतुराची अळी सापडली तर तीच पिल्लं गायब होण्याचं कारण समजा. ती चिमट्याने काढा आणि मॉस बादलीत झटकून आणखी आहे का ते बघा.

वाढ, निवड आणि जास्तीची पिल्लं

तीन-चार आठवड्यांत पिल्लू सात-आठ मिलिमीटरचं होतं, रंग दिसू लागतो आणि ते उघड्यावर यायला लागतं. इथवर आलेली पिल्लं सहसा जगतात. दोन महिन्यांत नर-मादी ओळखता येतात: मादीचं पोट खालून गोलाईदार, नराचं सरळ. अडीच ते तीन महिन्यांत माद्या स्वतः अंड्यांवर येतात. तेव्हा गडद, एकसारख्या रंगाच्या मूळ टाकीत ठेवून फिकट वेगळ्या काढल्या, तर रंग पिढीगणिक सुधारतो.

दोन फुटाच्या टाकीत शे-दीडशे श्रिंप आरामात राहतात. त्याहून वाढल्या की वाटून टाका. ओढ्यात, विहिरीत, तळ्यात सोडू नका, गणपती विसर्जनाच्या कुंडातही नको. जर्मनी आणि पोलंडमध्ये पाळणाऱ्यांच्या टाक्यांतून बाहेर पडलेल्या चेरी श्रिंप गरम पाण्याच्या कालव्यांत वाढताना आढळल्या आहेत. बाहेरून आलेल्या चिलापीने आपल्या जलाशयांत स्थानिक माशांची काय अवस्था केली, हे उजनीच्या कोळ्यांना विचारावं.

देताना पिशवीत तिसरा हिस्सा टाकीचंच पाणी भरा, धरायला मॉसची एक जुडी घाला, बाकी हवा ठेवा आणि दोन दिवस आधीपासून खाद्य बंद करा. घेणाऱ्याला तुमच्या पाण्याचे जीएच आणि टीडीएस लिहून द्या, आणि नव्या टाकीत सोडण्याआधी दोन तास थेंबाथेंबाने पाणी मिसळायला सांगा.